अरबी समुद्र, मुक्काम पोस्ट चकलांबा

गेल्या दिवाळीत मी असं सिद्ध केलं, की अरबी समुद्र दिवसातून दोनदा ताशी 167 किलोमीटर वेगानं आफ्रिकेकडं पळतो. ही बातमी कुठल्याच पेपरात आली नाही, कारण ती फक्त मला ठाऊक होती आणि मी ती चकलांब्यात, आमच्या घराच्या स्लॅबवर बसून शोधून काढली होती.

स्लॅबवर दोन कारणांसाठी. मोबाइलला रेंज तिथंच येते, हे एक. आणि खाली पुढच्या खोलीपासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस भरलेला होता, हे दुसरं. तात्या, म्हणजे माझे चुलते, भाव वाढायची वाट बघत होते. घरात कापूस आला की माणसांनी बाहेर राहायचं, असा आमच्याकडं रिवाज आहे. त्यावर कुणी कुरकुर करत नाही, कारण दोघांत भाव फक्त कापसाला असतो.

समुद्राचा आणि चकलांब्याचा संबंध काय, असं विचाराल तर काहीही नाही. आमचं गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. पाणी म्हटलं की आमच्यापुढं तीन गोष्टी येतात: टँकर, बोअर आणि जायकवाडी. पैठणचं हे धरण 1976 मध्ये पुरं झालं, त्याला 27 दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात त्यांतला कुठला दरवाजा किती उचलला याची खबर गोदाकाठच्या प्रत्येक मोबाइलवर येऊन पडते. त्यामुळं क्युसेक हा शब्द आमच्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, एवढं नसेल कुणाला सांगता येत. पण किती हजार क्युसेकला मोटारी काढायच्या आणि किती लाखाला घर सोडायचं, हे बरोबर माहीत असतं. गोदावरीच्या बाबतीत अंदाज चुकवून चालत नाही, हे फार जुनं आहे. 10 ऑगस्ट 1763 ला आमच्याच तालुक्यातल्या राक्षसभुवनाजवळ निजामअली नदीच्या पलीकडं होता आणि त्याच्या फौजेचा मोठा भाग अलीकडं राहिला होता. गोदावरीला पूर. माधवराव पेशव्यांच्या सैन्यानं अलीकडची फौज कापून काढली, दिवाण विठ्ठल सुंदर पडला आणि निजाम पलीकडून बघत राहिला. प्रवाहाचा वेग मोजायला त्याच्याकडं यंत्र नव्हतं. माझ्याकडं होतं, आणि तरी माझं जे झालं ते पुढं सांगतो.

मी स्थापत्य अभियंता. पुण्यातल्या एका सर्वेक्षण कंपनीत नोकरीला आहे. नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून आहे. कालवे, पूल, रस्ते अशा कोरड्या जमिनीवरच्या कामांत माझी हयात चालली होती. पण समुद्राचं काम बघणारा माणूस नोकरी सोडून गेला, आणि कोकणातल्या एका नियोजित जेट्टीची फाइल दिवाळीच्या सुट्टीसकट माझ्या गळ्यात पडली. जेट्टी बांधायची तर तिथल्या पाण्याचा प्रवाह कुठल्या दिशेनं, किती वेगानं आणि कुठल्या वेळी वाहतो हे आधी कळावं लागतं. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्याबाहेर वीस मीटर खोलीवर एक यंत्र तळाशी नेऊन ठेवलं होतं आणि गणपतीनंतर बाहेर काढलं होतं. त्यानं पाण्याखाली बसून जे टिपलं, त्याचा अर्थ लावायचा आणि अहवाल लिहायचा, एवढंच काम. "एवढंच" हा शब्द मॅडमचा. मॅडम म्हणजे आमच्या वरिष्ठ. त्या समुद्रविज्ञान शिकलेल्या आहेत आणि मोजकं बोलतात.

समुद्र मी त्याआधी शाळेच्या सहलीत बघितला होता. पँट भिजवली म्हणून गुरुजींची बोलणी खाल्ली होती. एवढा पूर्वानुभव.

यंत्राचं नाव अकौस्टिक डॉप्लर करंट प्रोफायलर. कामावर सगळे एडीसीपी म्हणतात आणि बोटीवरची माणसं डबा म्हणतात. डबाच तो: जाडजूड नळकांडं, वरच्या टोकाला चार बाजूंना कललेले चार डोळे. स्टीलच्या चौकटीत बसवून, शिशाची वजनं लावून तळावर सोडतात. तिथून तो आभाळाकडं तोंड करून चार तिरप्या दिशांनी आवाज सोडतो. हा आवाज सेकंदाला सहा लाख कंपनांचा असतो. माणसाचा कान वीस हजारांवरच थकतो, त्यामुळं कुणाची झोप मोडत नाही. पाण्यात तरंगणारी माती, बारीक जीव, कचरा यांच्यावर तो आपटतो आणि परत येतो. परत येताना त्याचा सूर किंचित बदललेला असतो, आणि त्या बदलावरून वेग काढायचा.

हे तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लरनं 1842 मध्ये प्रागमध्ये मांडलं. तीन वर्षांनी बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं आगगाडीवर तुतारीवाले बसवून ते तपासून बघितलं. आमच्या गावात ते दरवर्षी दिवाळीनंतर तपासलं जातं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघतात, मुकादमाच्या ट्रॅक्टरवर डेक लावलेला असतो, आणि तो डेक अंगावर येताना गाणं चढ्या सुरात ऐकू येतं, पुढं गेला की तेच गाणं मान टाकतं. गाणारा तोच, डेक तोच. फरक फक्त येण्याजाण्याचा.

आता यातली गोम बघा. डबा पाण्याचा वेग मोजतच नाही. तो पाण्यातल्या कचऱ्याचा मोजतो आणि कचरा पाण्याबरोबरच जात असणार असं धरून चालतो. अगदी नितळ पाण्यात त्याला काही दिसत नाही. हे वाचल्यावर मला यंत्राबद्दल आपुलकी वाटली. आमचीही बरीच मतं अशीच बनतात.

तळापासून पृष्ठभागापर्यंत पाण्याचे एकेक मीटरचे थर पाडायचे, त्यांना आम्ही घरं म्हणतो, आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येक घरातला वेग पूर्वेकडं किती, उत्तरेकडं किती, असे आकडे साठवायचे. त्यांशिवाय पाण्याचा दाब, तापमान, होकायंत्राची दिशा, डबा किती कलला आहे, परत आलेला आवाज किती मोठा होता, हेही लिहिलेलं असतं. मी यांतले फक्त वेगाचे रकाने घेतले. बाकीचे मला फापटपसारा वाटले. वेग मागितला आहे, वेग देऊ. उगाच तापमान कशाला?

इकडं गावात माझ्या कामाची वेगळीच वार्ता पसरली होती. आईनं शेजारी सांगितलं, की पोरगा कॉम्प्युटरवर पाण्याच्या आतलं बघतो. आईच्या तोंडून निघालेलं ते वाक्य पारावर पोचेपर्यंत पोरगा जमिनीच्या आतलं पाणी बघतो असं झालं. आमच्याकडं बोअर घ्यायचं तर आधी पाणाड्या आणतात. तो हातावर नारळ घेऊन रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. मी लॅपटॉपवाला पाणाड्या ठरलो. तात्यांनी तर सकाळी चहाबरोबर सातबाराच आणून ठेवला.

"बघ जरा. वरच्या तुकड्यात घ्यावं का खालच्या?"

"तात्या, हे समुद्राचं आहे."

"आरं, समुद्रातलं दिसतंय तर रानातलं का दिसंना? तिथं तर पाणी खारं अस्तंय, इथं गोडंय."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तर वेगाचे आकडे मी मांडले आणि सगळ्यांत वरच्या घरात मला खजिना सापडला. एरवी समुद्र सेकंदाला अर्धा मीटर, फार तर थोडा जास्त, असा रमतगमत चालला होता. पण दिवसातून दोनदा या वरच्या घरात एकदम पूर्वेकडचा वेग उणे 32768 आणि उत्तरेकडचाही उणे 32768. मिलिमीटर प्रति सेकंद. दोन्ही उणे म्हणजे पश्चिम आणि दक्षिण, म्हणजे नैऋत्य. पायथागोरस लावला. सेकंदाला 46 मीटर, ताशी 167 किलोमीटर. 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळातला वारासुद्धा एवढा नव्हता, आणि हे तर पाणी होतं.

शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मला सिद्धांत सुचला. दिवसातून दोनदा काय होतं? ओहोटी. ओहोटीला पाणी कुठं जातं? किनाऱ्यापासून लांब. कोकणचा समुद्र कुठल्या बाजूला? पश्चिमेला. नैऋत्य म्हणजे पश्चिमच, थोडी दक्षिणेकडं झुकलेली. सगळं जुळत होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला ही धाव जास्त वेळ टिकायची, तेही जुळत होतं, कारण तेव्हा उधाण असतं. चुकीच्या गोष्टी एवढ्या जुळतात याची मला तोवर कल्पना नव्हती. मराठवाड्यातल्या माणसाचं आणखी एक आहे. पाणी जास्त आहे असं कुणी सांगितलं, की आमचा आधी विश्वास बसतो. तपासायची सवय फक्त कमी पाण्याच्या बाबतीत असते.

मी तांबड्या बाणांचा नकाशा केला, "पृष्ठभागीय ओहोटी-झोत" असं नाव ठेवलं आणि मॅडमना पाठवून दिला. मग खाली जाऊन पारावर सांगितलं, की कोकणात बोटी कशा बुडतात ते मला कळलं आहे. लोकांनी ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "एवढ्या जोरात जातंय, तर माघारी कवा येतंय?" मी त्याला भरती समजावून सांगितली.

मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं. "ते आकडे नाहीत. यंत्र 'मला माहीत नाही' म्हणतं आहे."

मग कळलं ते असं. हे आकडे साठवायला यंत्र दोन बाइटची जागा ठेवतं. तेवढ्या जागेत उणे 32768 पासून अधिक 32767 पर्यंतच आकडे मावतात. त्यांतला सगळ्यांत खालचा आकडा एका कामासाठी राखून ठेवलेला असतो: मोजता आलं नाही, की तो लिहायचा. आणि वरच्या घरात दिवसातून दोनदाच मोजता का येत नव्हतं? तर ओहोटीला तिथं पाण्याची पातळी दोन-अडीच मीटरनं खाली जाते आणि ते घर पाण्याबाहेर, हवेत येतं. मी ज्याला झोत म्हणत होतो तिथं त्या वेळी पाणीच नव्हतं. पाणी नसलेल्या जागी मी ताशी 167 किलोमीटरचा प्रवाह शोधला होता. आमच्या भागातल्या काही योजनांनाही हे जमलेलं आहे, पण त्यांना अनुदान असतं.

मॅडमनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती. वरचा मीटर-सव्वा मीटर भरतीलाही धरू नका. चार डोळे वीस अंश तिरपे बघतात, पण थोडा आवाज सरळ वरही निसटतो. तो पृष्ठभागावर आपटून लवकर आणि जोरात परत येतो आणि खऱ्या प्रतिध्वनीत मिसळतो. पाण्याच्या खोलीच्या शेकडा सहा एवढा भाग असा वाया जातो. म्हणजे ज्या थरावर मी आख्खा सिद्धांत उभा केला होता, तो थर ओहोटीला हवेत आणि भरतीला निकामी होता.

मी तो नकाशा पुसला आणि आता परत आलेल्या आवाजाचा रकाना उघडला, कारण वेगावरून माझा विश्वास उडाला होता. तिथं काय दिसलं ते खरोखर बघण्यासारखं आहे. रोज ठरल्या वेळी तळाजवळून आवाजाचा एक दाट पट्टा वर चढायचा, कितीतरी तास वर राहायचा आणि मग खाली बसायचा. हे म्हणजे समुद्रातले बारीक जीव. दिवसा उजेडात मासे खातील म्हणून ते खोल दडून राहतात, अंधार पडला की वर चरायला येतात आणि तांबडं फुटायच्या आत माघारी जातात. जगभरच्या समुद्रांत रोज होणारं हे फार मोठं स्थलांतर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञांना खोल समुद्रात असाच थर सोनारवर दिसला. आवाज परत येतो, म्हणजे तळ असणार. पण हा तळ दिवसा खाली आणि रात्री वर. तो जिवंत प्राण्यांचा थर आहे हे कळायला त्यांनाही वेळ लागला. हे वाचून मला जरा बरं वाटलं. नौदल चुकतं तिथं चकलांब्याची काय कथा.

एक बारीक अडचण होती. माझ्या फाइलीत हे जीव अंधार पडल्यावर वर येत नव्हते. ते दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी येत होते. ऐन जूनमध्ये, टळटळीत दुपारी. मी यावर विचार केला आणि लिहिलं, की पावसाळी ढगांमुळं कोकणात दुपारीच अंधारून येत असावं. रोज. त्याच मिनिटाला.

भरती-ओहोटीचंही काही खरं नव्हतं. दाबाच्या रकान्यावरून पाणी कधी चढलं ते कळतं. ते मी भरतीच्या वेळापत्रकाशी लावून बघितलं, तर वेळापत्रकात भरती तिथं माझ्याकडं ओहोटी. पाणी आत यायच्या वेळी बाहेर जात होतं आणि बाहेर जायच्या वेळी आत येत होतं. मॅडमना विचारायचं धाडस उरलं नव्हतं, म्हणून यंत्र टाकलेल्या बोटीच्या तांडेलाला फोन लावला. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या दिवशी तिथी काय होती?"

मी स्लॅबवरून खाली उतरलो, कापसातून वाट काढत भिंतीवरच्या कालनिर्णयपर्यंत गेलो, जूनचं पान उलटलं. चतुर्थी.

"चार पाऊणे तीन. तीनाला भरती. तुमच्या डब्यात किती दाखवतंय?"

साडेनऊ. तीनाला तर डबा जवळजवळ पूर्ण ओहोटी दाखवत होता.

किनाऱ्यावरच्या माणसांचा हा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ठोका येतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणजे तासाचा पाऊणहून जरासा जास्त भाग. बाकी सगळं त्यातच आलं. पाढे पाठ असले की यंत्र लागत नाही. त्याच पानावर कडेला सूर्यास्ताची वेळ छापलेली होती, सात वाजून काही मिनिटं. माझे जीव एक चाळीसला वर येत होते. भरती साडेनऊ आणि तीन. सात-दहा आणि एक-चाळीस. दोन्हीकडं फरक साडेपाच तास. साडेपाच तास म्हणजे ग्रीनिच आणि भारत. आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत जातात सव्वासहा तास, म्हणून माझा समुद्र नेमका उलटा चालला होता. पाऊण तासानं वाचला, नाहीतर पुरता उलटला असता.

मॅडमना मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की यंत्राचं घड्याळ कुठल्या वेळेवर लावलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "लॉगशीट वाचलीत का?" लॉगशीट पहिल्याच दिवशी मेलला जोडलेली होती. कुणीतरी हलत्या बोटीत लिहिलेला कागद, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. अक्षर लागेना म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: घड्याळ ग्रीनिच वेळ.

(दिशांचा गोंधळ झाला तो वेगळाच. वाऱ्याची दिशा सांगताना तो कुठून आला ते सांगतात, प्रवाहाची सांगताना तो कुठं चालला ते. नैऋत्य वारा आपल्या अंगावर येतो, नैऋत्य प्रवाह आपल्यापासून लांब जातो. मी एकसूत्रीपणा आणण्यासाठी सगळे बाण फिरवले आणि नंतर सगळे परत फिरवले. त्यात एक आख्खी संध्याकाळ गेली, बाकी नुकसान नाही.)

एवढं होऊन मला आत्मविश्वास आला. आता उणे 32768 काढून टाकले होते, वरचे थर कापले होते, वेळ साडेपाच तासांनी पुढं घेतली होती. बाण भरतीला आत, ओहोटीला बाहेर असे शहाण्यासारखे डोलत होते. आणि मग ऑगस्ट लागला. 1 ऑगस्ट उलटून गेलेली रात्र, अडीचचा सुमार. एका अर्ध्या तासात सगळे बाण गर्रकन फिरले आणि पुढं गणपतीपर्यंत तसेच वाकडे राहिले.

या वेळी मी घाई केली नाही. वाचन केलं. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 सालची. तिथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्याबाहेर असेच डॉप्लर डबे वर्षानुवर्षं टांगून ठेवलेले आहेत. किनाऱ्याला समांतर वाहणारा एक मोठा प्रवाह आहे. तो पावसाळ्यात दक्षिणेकडं जातो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडं. वाचलं आणि अंगावर काटा आला. प्रवाह उलटतो! आणि मला तो उलटतानाचा क्षण सापडला होता, अडीच वाजताचा. हा बदल पावसाळा सरल्यावर, आठवडेच्या आठवडे घेत होतो, असं त्याच लेखात पुढं लिहिलं होतं. तो परिच्छेद मी वाचला, पण माझ्या शोधाला तो पोषक नव्हता.

अहवालात मी "मोसमी प्रवाहाचे अकस्मात परिवर्तन" असं प्रकरणच घातलं. ते सादर करायची ऑनलाइन बैठक ठरली. मी वरती शर्ट घालून, खाली लुंगीवर, पाठीमागं पाण्याची काळी टाकी येणार नाही अशा बेतानं स्लॅबवर बसलो. बैठकीत मॅडम, जेट्टीवाल्यांचे दोन अधिकारी आणि बंदरखात्यातून निवृत्त झालेले एक कॅप्टन. मी परिवर्तनाच्या प्रकरणावर आलो आणि नेमका त्याच वेळी खालच्या रस्त्यानं टोळीचा ट्रॅक्टर डेक लावून निघाला. गाणं चढत चढत आलं, आमच्या दारावरून गेलं आणि उतरत उतरत वेशीकडं गेलं. सगळे थांबले. डॉप्लरचा परिणाम त्या बैठकीत एवढाच काय तो निर्दोष दाखवला गेला.

मग मॅडम म्हणाल्या, "प्रवाह फिरला की डबा फिरला?"

मी गप्प.

"कल बघितला का? पिच आणि रोल?"

हे दोन रकाने मी फापटपसाऱ्यात टाकले होते. त्यांनी ते पडद्यावर आणले. दोन महिने डबा दोन-तीन अंशांवर, मांडी घालून बसल्यासारखा स्थिर. त्या रात्री अडीचला एकदम चौतीस अंश. होकायंत्राचा काटाही त्याच अर्ध्या तासात गरकन फिरलेला. दाबाचा आकडासुद्धा बदललेला, म्हणजे डबा होता तिथून ओढला गेलेला. सगळी हकिगत त्यानं स्वतःच्या हातानं, वेळेसकट लिहून ठेवली होती. फक्त वाचणारा चकलांब्याचा होता.

निवृत्त कॅप्टन हसायला लागले. "अहो, 1 ऑगस्ट!" महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बंदी उठली की दोन महिने किनाऱ्याला बांधलेले ट्रॉलर एकदम समुद्रावर तुटून पडतात आणि तळाशी जाळं ओढत नेतात. त्या जाळ्यात आमची चौकट अडकली होती. मी ज्याला मोसमी परिवर्तन म्हटलं होतं, ते कुणाच्या तरी मासेमारीचा पहिला फेरा होता. चौतीस अंश कललेल्या डब्याचा एक डोळा उभ्यापेक्षा आडवाच जास्त बघतो. तेवढ्या कलाचा हिशेब यंत्राला भरवशानं मांडता येत नाही. म्हणून 1 ऑगस्टनंतरचं सगळं रद्द झालं आणि माझ्या अहवालातला निम्मा भाग त्याच्याबरोबर गेला.

मी लॅपटॉप मिटून खाली आलो. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी स्लॅबवरचं सगळं ऐकलं होतं. रेंज नसली तरी आवाज खाली येतो. ते म्हणाले, "जाऊ दे. याला समुद्रात पाणी नीट सापडंना, रानात काय सापडणार." सातबारा त्यांनी परत पेटीत ठेवला आणि नारळवाल्याला सांगावा धाडला. नारळ वरच्या तुकड्यात उभा राहिला. बोअर साडेतीनशे फूट गेलं आणि नुसता फुफाटा उडाला. त्याबद्दल नारळवाल्याला कुणीही बैठकीत बसवून जाब विचारला नाही, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

सुधारलेला अहवाल जून आणि जुलैपुरता झाला. भरतीचा वेग, ओहोटीचा वेग, तळाशी किती, मध्यावर किती, दिशा कुठली, सगळं साधं आणि बेताचं. पहिल्या पानावर कलाचा आणि होकायंत्राचा आलेख आहे, कारण मॅडमनी तो आधी मागितला. जेट्टीवाल्यांना तेवढं पुरलं.

राहता राहिला एक माणूस. त्या रात्री ज्यांचं जाळं आमच्या चौकटीला अडकलं, त्या तांडेलांनी हा लेख वाचला तर त्यांना हात जोडून विनंती आहे: जाळं फाटलं असेल तर माफी असावी, पण ते नेमकं किती वाजता अडकलं तेवढं कळवा. मी अडीच लिहिलं आहे. रात्रीचे नऊ वाजले होते असं निघालं, तर मी साडेपाच तास पुन्हा चुकीच्या बाजूला मिळवले आहेत.